लोणार आपल्यापासून साठ किलोमीटरवर आहे

फेब्रुवारी २०२५ आठवतोय? कॉलेजच्या ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. प्रशांत महासागरातून निघालेला एक लाल पट्टा दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्याकडे आलेला आणि खाली लिहिलेलं, '२२ डिसेंबर २०३२. मुंबई संपणार!' त्यावरच्या प्रतिक्रिया तुम्हाला पाठ असतील, कारण त्या तुम्हीच दिल्या होत्या. 'बॅकलॉग निघायच्या आधीच जग संपूलालंय.' 'मुंबईच चाललीय ना? सेलू सेफ आहे.' मीही हसणाऱ्या दोन इमोजी टाकल्या आणि झोपले.

आठवडाभरात दुसरी बातमी आली : लघुग्रहाचा धोका टळला. मग ग्रुपवर दुसरी लाट. 'बघा, हे शास्त्रज्ञ काहीही सांगतात. आधी घाबरवायचं, मग नाही म्हणायचं.' पहिल्या लाटेचं मला काही वाटलं नाही. विनोद करणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. ही दुसरी लाट मात्र खटकली. कारण त्या आठवड्यात शास्त्रज्ञांचं काही चुकलं नव्हतं. जे व्हायला हवं होतं नेमकं तेच झालं होतं आणि आपल्याला ते वाचता आलं नाही.

त्या लघुग्रहाचं नाव '२०२४ वायआर४'. साधारण साठ मीटरचा दगड. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या 'ॲटलास' दुर्बिणीला तो दिसला. १८ फेब्रुवारीला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली. एवढ्या आकाराच्या दगडाबाबत इतका मोठा आकडा त्याआधी कधी नोंदलाच गेला नव्हता. त्यानंतर सहाच दिवसांत, २४ फेब्रुवारीला, तो ०.००४ टक्क्यांवर आला. वर चढला आणि धाडकन पडला. असं का?

समजा, तुमचा मित्र मुंबईहून देवगिरीनं येतोय. डबा त्याला सांगता येत नाही. तुम्ही सेलू स्टेशनवर एस-७ जिथं थांबतो तिथं उभे आहात. गाडीला वीस डबे धरले तर तो बरोब्बर तुमच्या समोर उतरण्याची शक्यता पाच टक्के. मग त्याचा फोन येतो, 'स्लीपरमध्ये आहे रे.' स्लीपरचे डबे दहा, शक्यता दहा टक्के. पुन्हा फोन : 'शेवटच्या चारपैकी एका डब्यात चढलोय, एस-७ ते एस-१०.' आता पंचवीस टक्के. आणि मग शेवटचा फोन, 'अरे, एस-९ आहे हा.' तुमची शक्यता शून्य! मित्र काही खोटं बोलत नव्हता. प्रत्येक फोनगणिक माहिती नेमकी होत गेली. तुम्ही जोवर त्या उरलेल्या डब्यांत होता तोवर तुमची शक्यता वाढत गेली, आणि बाहेर पडलात तशी ती संपली. लघुग्रहाचंही हेच. रोज थोडी नवी निरीक्षणं येतात, त्याच्या भावी वाटेचा पट्टा अरुंद होत जातो, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर आकडा चढतच राहतो. त्यामुळे पुढच्या वेळी असा आकडा चढताना दिसला तर 'घाबरवतायत' म्हणू नका. मोजणं चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि पुढची वेळ येणार, हे नक्की धरा.

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात एवढे प्रश्न असताना हिला दगडाचं काय पडलंय! माझ्या रूममेटनं अगदी हेच विचारलं. पाणी नाही, सोयाबीनला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तू आकाशाकडं बघत बस.

तिला उत्तर द्यायला मला किल्लारी आठवली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण आपल्याकडं ती ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली, दगडमातीची घरं माळवदासकट अंगावर आली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. एका मिनिटाचीही पूर्वसूचना नव्हती. आजही नसते. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातला हिंगोलीच्या बाजूनं धक्का आला, परभणी जिल्ह्यातही जाणवला. आमच्या मांडणीवरचे डबे वाजले आणि आजी 'किल्लारी' एवढा एकच शब्द म्हणून अंगणात पळाली. भूकंप कधी येणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही. वादळ सांगता येतं, पण थांबवता येत नाही. पूर सांगता येतो, थोडाफार अडवता येतो. आकाशातून येणारा दगड ही एकच मोठी नैसर्गिक आपत्ती अशी आहे, जी वर्षानुवर्षं आधी सांगता येते आणि वर थांबवताही येते. ज्या मुलखानं न सांगता आलेली आपत्ती भोगलीय, त्यानं सांगता येणाऱ्या आपत्तीकडं दुर्लक्ष करावं, हे मला पटत नाही.

थांबवता येते म्हणजे सिनेमातल्यासारखं बॉम्ब लावून उडवणं नव्हे. अणुस्फोटाचा पर्याय शास्त्रज्ञ गंभीरपणे अभ्यासतात, पण प्रत्यक्षात जे करून पाहिलंय ते फार साधं आहे : धक्का देणं. २६ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडं २७ ची पहाट होती, 'नासा'च्या 'डार्ट' यानानं डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम स्वतःला आदळवलं. यानाचं वजन सहाशे किलोच्या आत, म्हणजे एखाद्या छोट्या कारएवढंही नाही. वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. हा दगड डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. धडकेनंतर ही फेरी सुमारे ३३ मिनिटांनी लहान झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं आधी ठरलेलं होतं. माणसानं एखाद्या खगोलाची वाट जाणूनबुजून बदलली, अशी ही पहिली वेळ. त्यांना धोका नव्हता, आपल्यालाही नव्हता. हा नुसता सराव होता. युरोपचं 'हेरा' हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडं निघालं, ते तिथं जाऊन त्या धडकेचा पंचनामा करणार आहे.

यातलं खरं गणित वेळेचं आहे, आणि ते तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. धक्का देऊन दगडाचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरनं बदलला असं धरा. मुंगीची चाल. धडकेला एक महिना उरला असताना हे केलं तर दगड सरकेल सव्वीस किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, म्हणजे काहीच उपयोग नाही. तोच धक्का दहा वर्षं आधी दिला तर साधा गुणाकारसुद्धा तीन हजार किलोमीटरच्या पुढं जातो. शिवाय सूर्याभोवती फिरण्याचा काळ बदलल्यानं प्रत्यक्षातला फरक याच्या काही पट होतो. तोच दगड, तेच यान, तोच धक्का. फरक फक्त तो दगड कधी दिसला याचा. म्हणून तयारी म्हणजे आधी शोधणं. रॉकेट नंतर.

आणि शोधण्यात आपण अर्ध्यातच आहोत. एक शहर किंवा अख्खा जिल्हा उद्ध्वस्त करू शकतील असे, १४० मीटरहून मोठे, पृथ्वीच्या आसपास फिरणारे लघुग्रह अंदाजे पंचवीस हजार आहेत. त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. अमेरिकेच्या संसदेनं २००५ मध्ये 'नासा'ला सांगितलं होतं की २०२० पर्यंत यातले नव्वद टक्के शोधा. झालं नाही. सूर्याच्या दिशेनं येणारे दगड जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाहीत, कारण तिकडं दिवस असतो. त्यासाठी 'निओ सर्व्हेयर' ही अवकाश दुर्बीण बांधली जातेय, २०२७ मध्ये सोडायचं ठरलंय.

सूर्याच्या आडून दगड आला तर काय होतं, हे रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरानं १५ फेब्रुवारी २०१३ ला पाहिलं. गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की त्या दिवशी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आधीच जागे होते. दुसराच एक लघुग्रह पृथ्वीपासून २७ हजार किलोमीटरवरून जाणार होता, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आणि भलत्याच दिशेनं जेमतेम वीस मीटरचा एक दगड आला आणि शहरावर तीस किलोमीटर उंचीवर फुटला. लख्ख उजेड पडला. लोक काय करणार? खिडकीकडं धावले. दीड-दोन मिनिटांनी धक्क्याची लाट आली आणि काचा तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनीच. एका शाळेतल्या शिक्षिकेला उजेडाचं कारण माहीत नव्हतं, पण तिनं चौथीच्या मुलांना बाकांखाली घातलं. चव्वेचाळीस मुलांपैकी एकालाही काच लागली नाही. तिला लागली.

तुम्ही काय केलं असतं, हे मला विचारायचीही गरज नाही. आपली परीक्षा होऊन गेलीय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांग सरकत गेली, मराठवाडा-विदर्भात सगळीकडं दिसली. मी तेव्हा बारावीला. आमची अख्खी गल्ली गच्चीवर, प्रत्येकाचा मोबाइल वर. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, एका काकांनी क्षेपणास्त्र असल्याचं ठामपणे जाहीर केलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ त्या रात्री लोखंडी कड्यासारखी भलीमोठी वस्तू पडलेली सापडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. आपलं नशीब की तो कचरा होता. कॉलेजात भूकंपाचा, आगीचा सराव होतो, निदान कागदावर तरी होतो. त्यात एक वाक्य वाढवायला पैसे लागत नाहीत : आकाशात अचानक मोठा उजेड दिसला तर काचेपासून लांब व्हा, आवाज मागून येतो. व्हिडिओ दोन मिनिटांनी काढला तरी चालेल.

आता शीर्षकाकडं येते. सेलूहून उत्तरेकडं सरळ रेष मारली तर साठ किलोमीटरच्या आसपास लोणार लागतं. मंठ्यावरून गाडीनं जाता येतं, आपल्यातले बहुतेक जण शाळेच्या सहलीत जाऊन आलेत. मीही गेले होते, सातवीत. काय पाहिलं? लोणासुर राक्षसाची गोष्ट ऐकली, दैत्यसूदनाच्या देवळात पाया पडलो, गोमुखाच्या धारेखाली हात धरले, काठावर फोटो काढला. सर म्हणाले, 'चला रे, गाडीत बसा, अजून दोन ठिकाणं करायचीत.' आपण एका धडकेच्या जागेवर उभे आहोत, हे कुणी नीट सांगितलंच नाही.

पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असा तो खड्डा आहे. आपल्या पायाखालच्याच काळ्या बेसॉल्टमध्ये. बेसॉल्टमध्ये धडकेनं झालेली इतकी नीट टिकलेली विवरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चंद्रावरची बरीच विवरंही बेसॉल्टमध्येच असल्यानं जगभरचे अभ्यासक इथं येतात. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, त्यानंतर दीडशे वर्षं बरेच जण हा ज्वालामुखीच समजत होते. १९७० च्या दशकात तळाला भोकं पाडून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट ही काच सापडली. ज्वालामुखीत ती होत नाही, प्रचंड आघाताच्या दाबानंच होते. तेव्हा शिक्कामोर्तब झालं. वय मात्र अजून भांडणाचा विषय आहे. आधीचे अंदाज पन्नास हजार वर्षांच्या घरातले, तर २०११ च्या आरगॉन पद्धतीच्या मोजणीनं ते पावणेसहा लाखांवर नेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोणार घराघरांत पोहोचलं, आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जाही मिळाला. आपण रील काढले. पाण्याच्या रंगाबद्दल जेवढं बोललो, त्याच्या दहावा हिस्सासुद्धा त्या खड्ड्याच्या कारणाबद्दल बोललो नाही.

तसं पाहिलं तर मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा वाचली असेल. हौशी निरीक्षकाला धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असं कळतं, शास्त्रज्ञ गुपचूप अवकाशात जाऊन त्याची वाट बदलतात. इकडं घरात शांतीसाठी यज्ञ झालेला असतो आणि संकट त्यामुळंच टळलं, अशी घरच्यांची खात्री. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. 'डार्ट'ची धडक त्यांच्या हयातीत झाली, याचं मला बरं वाटतं.

आणि नुसत्या कथाच नाहीत. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत १९८० च्या दशकात लघुग्रह शोधायचा एक प्रकल्प चालला होता, नाव 'कल्की'. १९८८ मध्ये त्यातून जो लघुग्रह सापडला त्याला रामानुजन यांचं नाव दिलं गेलं. भारतातून लघुग्रह सापडल्याला तेव्हा शंभरहून अधिक वर्षं झाली होती. आज लडाखमधल्या हानले इथं आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची सत्तर सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे. जुन्नरजवळ गिरवलीला 'आयुका'ची दोन मीटरची आहे. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२४ मध्ये, अपोफिस जवळ येईल तेव्हा भारतानंही त्याच्या भेटीला जावं, अशी भूमिका मांडली होती.

हा अपोफिस काय आहे ते सांगते, कारण ती तारीख तुमच्या कामाची आहे. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह. २००४ मध्ये सापडला तेव्हा काही दिवस त्याचीही शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. २०२१ मधल्या रडार मोजणीनंतर पुढची शंभर वर्षं त्याच्यापासून धोका नाही, हे निश्चित झालं. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून. युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या काही भागांतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आपल्या घड्याळात सगळ्यात जवळ येण्याची वेळ १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनची. जयंतीची रात्र! बारा वाजता निळ्या झेंड्यांचा जल्लोष झालेला असेल, निम्मं सेलू जागंच असेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे अख्खं वर्ष लघुग्रह जागृती आणि पृथ्वीच्या संरक्षणासाठी जाहीर केलंय. युरोपचं 'रॅमसेस' यान २०२८ मध्ये अपोफिसकडं निघायच्या तयारीत आहे. भारताचं यान त्या वेळी तिथं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 'डार्ट'चा खर्च ३२ कोटी डॉलरच्या आसपास होता, अडीच हजार कोटी रुपयांच्या जरा वर. देशाच्या हिशेबात हा आकडा फार मोठा नाही. पाण्याचे पैसे पळवून हे करा, असं कुणी म्हणत नाहीये.

पण दिल्ली-बेंगळुरूकडं बोट दाखवून आपण सुटू शकत नाही. 'आयएएससी' नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं काढलेले आकाशाचे फोटो ते जगभरच्या विद्यार्थी गटांना पाठवतात. फी नाही. एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार फोटो असतात, 'ॲस्ट्रोमेट्रिका' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक दाखवायचे. तारे जागेवर राहतात. जो ठिपका सरळ रेषेत सरकतो, तो तुमचा. त्याची मोजमापं पाठवायची, पुढं तज्ज्ञ ती तपासतात. भारतातल्या शाळकरी मुलांनी यातून लघुग्रह शोधलेत. साधा विंडोज कॉम्प्युटर आणि बरं नेट लागतं, टेलिस्कोप लागत नाही, सायन्सच पाहिजे असंही नाही. मी मास कॉमची आहे.

यात अडतं कुठं? एका कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं, 'लॅब पाचला बंद होते, आणि हे सिलॅबसमध्ये नाही.' नाव लिहीत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळेल. माझी मागणी लहान आहे : महिनाभर लॅब सातपर्यंत उघडी ठेवा. आणि ३० जूनला, जागतिक लघुग्रह दिनाला, एक बस लोणारला न्या. त्या बसमध्ये भूगोलाचे किंवा फिजिक्सचे एक सर किंवा मॅडम असू द्या, आणि त्या दिवशी 'अजून दोन ठिकाणं' करू नका.

आम्ही पाच जणांनी सध्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सुरुवात केलीय. पहिल्या संचात तीन ठिपके सरकताना दिसले. दोन आधीच कुणाला तरी सापडलेले निघाले, तिसरा कॅमेऱ्यातला दोष होता. दुसरा संच शनिवारी बघणार आहोत. सहावी खुर्ची रिकामी आहे.